मोठ्या अक्षरांची आवृत्ती

२ ऑगस्ट

दादा,

नमस्कार-चमत्कार, तुम्ही कसे आम्ही कसे, सगळं राहू दे. पार्सल मिळालं. पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. ती अजून उतरलेली नाही, म्हणून लगेच लिहायला बसले. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "अगं ऐक तर, ऐक तर" करत राहतोस आणि शेवटी मी ऐकून घेते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

परदेशातल्या शाळांना आईचं पुस्तक द्यायच्या नव्या करारावर तुझी सही आहे. तिच्याखाली माझ्यासाठी पेन्सिलने फुली मारून ठेवली आहेस, मला जागा सापडली नसती जशी काही. आईला आता काही उमजत नाही, म्हणून तिच्या पुस्तकाच्या कागदांवर आपण दोघांनीही सही करायची असं ठरलं होतं. दोघांनीही. तर माझं उत्तर नाही असं आहे.

आईचं पुस्तक कशाबद्दल आहे ते तुला सांगायची पाळी यावी, कमाल आहे. काकाच्या घरी वाढणारी पोरकी मुलगी. काका मारतो, कोंडून ठेवतो, उपाशी झोपवतो. एक दिवस ती पाणी आणायला बाहेर पडते, भरलेली बादली रस्त्याच्या कडेला ठेवते आणि चालू लागते. "तिने मागे वळून पाहिलं नाही. मागे काय आहे ते तिला पाठ होतं." इथे पुस्तक संपतं. ती मुलगी कोण हे शाळेतल्या पोरांना माहीत नसेल, आपल्याला आहे.

आणि भाषांतराआधीचा नमुना म्हणून तू आपल्या भाषेत काय छापून पाठवलंस? "संध्याकाळ झाली तशी तिची पावलं आपसूक घराकडे वळली. काका दारातच उभे होते. माझं चुकलं, ती म्हणाली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला."

तिथल्या शाळांच्या पुस्तक समितीला असा शेवट हवा होता, हे मी समजू शकते. समित्यांना काहीही हवं असतं. पण हा शेवट समितीने लिहिलेला नाही. तू चिठ्ठीत अगदी ऐटीत कळवलंयस, "भाषांतर करणाऱ्यांना मूळ मजकूर आपल्या भाषेत लागणार होता, तो मीच लिहून दिला, आईच्या शैलीत." आईच्या शैलीत! तुला लाज कशी वाटली नाही? आणि सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? ते पान वाईट लिहिलेलं नाही. आईसारखंच आहे.

पुस्तक मी आईला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. वहिनीला नमस्कार सांग. तुला नाही.

धाकटी


१९ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं. "चिमे" म्हणून लाडात येऊ नकोस. मी पन्नाशी ओलांडली आहे आणि शाळेची मोठी बस चालवते.

तुझा पहिला मुद्दा कुत्र्याचा. तू म्हणतोस, आजवर ज्या ज्या देशातल्या शाळांनी हे पुस्तक घेतलं त्यांनी काही ना काही बदललंच, आणि आईने हसत हसत सह्या केल्या, मग आताच का कुरकुर. खरं आहे, केल्या. एका देशाने काकाच्या हातातली छडी काढून "कठोर शब्द" घातले. दुसऱ्याने काकाचा "दूरचा नातेवाईक" केला, कारण त्यांच्याकडे म्हणे काका असे नसतात. तिसऱ्याने सांगितलं, मुलगी रस्त्यावर एकटी दिसता कामा नये, म्हणून तिच्याबरोबर एक कुत्रा दिला. आई त्या कुत्र्यावर किती हसली होती आठवतं? "चला, पोरीला सोबत झाली," म्हणाली आणि सही ठोकून मोकळी झाली. पण दादा, तो कुत्रा तिच्याबरोबर पुढे चालला. तू तिला मागे वळवलंस. एवढा फरक तुला कळत नसेल तर तुझ्या पदव्या चुलीत घाल.

दुसरा मुद्दा, हजारो मुलांपर्यंत पुस्तक पोचेल. तुझं म्हणणं, अजिबात न वाचण्यापेक्षा थोडं वेगळं वाचलेलं बरं. यावर मी दोन दिवस विचार केला, कबूल करते. बसमध्येही केला. सध्या सातवीला तेच पुस्तक चालू आहे, आणि माझ्या मागच्या सीटवरची पोरं रोज त्याची उत्तरं घोकत येतात. चालवणारी बाई त्या लेखिकेची मुलगी आहे हे त्यांना माहीत नाही. काल एकीने विचारलं, "मुलीने घर का सोडले, तीन कारणे लिहा." दुसरी म्हणाली, "मारतो, कोंडतो, आणि तिसरं काय गं?" पहिली म्हणाली, "तिसरं काहीही लिही, बाई मार्क देतात." मला हसू आवरेना. पण बघ, दोन कारणं त्यांना तोंडपाठ होती. घोकून का होईना, ती त्यांच्या डोक्यात राहणार आहेत.

तुझ्या पुस्तकावर काय प्रश्न येईल ते सांगू? "मुलीला आपली चूक कशी उमगली, सविस्तर लिहा." पाच गुण.

आईला जगभरच्या शाळांतून पत्रं यायची. तू कपाट आवरताना ती नीट वाचली होतीस का कधी? एकीकडची पोरं विचारायची, काकाला शिक्षा झाली का. दुसरीकडची विचारायची, रात्री ती जेवली कुठे. एका देशातल्या झाडून सगळ्या पोरांना फक्त एवढंच हवं होतं की ती भरलेली बादली पुढे कुणी नेली. आई प्रत्येकाला उत्तर लिहायची, खाडाखोड न करता. पण ती परत का नाही गेली, असं एकाही पोराने कुठूनही विचारलं नाही. ते विचारायला तुझ्यासारखा मोठा माणूस लागतो.

सही करणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

धाकटी


७ सप्टेंबर

दादा,

तुझ्यावर मी चिडले होते. आता चिडले आहे असं म्हणणं म्हणजे काहीच नाही. अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे.

आईला ते पान वाचून दाखवलं गेलं.

मी नाही दाखवलं. दिवसा मी बसवर असते तेव्हा सोबतीच्या बाई येतात. त्या दुपारी आईला तिचंच पुस्तक वाचून दाखवतात, कारण दुसरं काही वाचलं की ती उठून जाते. जुनी प्रत बारीक टाइपातली, पिवळी पडलेली. बाईंना दिसायला त्रास होतो. साफसफाई करताना त्यांना कपाटावर तुझी प्रत सापडली. नवी कोरी, मोठी अक्षरं, पानोपानी चित्रं. बिचारीला वाटलं, मीच आणून ठेवली आणि द्यायची विसरले. जवळजवळ तीन आठवडे त्या तीच वाचत होत्या. मी त्यांना काय बोलणार? पुस्तक कपाटावर मीच फेकलं होतं. फाडून टाकायला हवं होतं.

मला कळलं ते असं. मंगळवारी मी घरी आले तर आई दारात उभी. अंगात बाहेरचे कपडे, हातात पिशवी. पिशवीत टॉवेल, कंगवा आणि चष्म्याची रिकामी डबी. मी विचारलं, "आई, कुठे निघालीस?"

"घरी. उशीर झाला. काका दारात उभा असेल."

"कुठला काका? आई, तो मेला. तू शाळेत शिकवायला लागलीस त्याच्याही आधी मेला तो."

"असं बोलू नये. मला माफी मागायची आहे त्याची."

मी तिला आत आणून बसवलं, जुनी प्रत काढली, चष्मा लावून शेवटचं पान मोठ्याने वाचलं. बादली, रस्ता, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ही कच्ची प्रत असेल. मी नंतर सुधारलं ते. त्या नव्यात बघ, छापलंय."

"ते तू नाही लिहिलंस, आई. ते दादाने लिहिलंय."

ती माझ्याकडे बघून हसली. तुझी मास्तरीण आई, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या छापील चुका लाल पेन्सिलने काढल्या, ती मला म्हणाली, "अगं वेडे, माझं नाव आहे त्यावर. छापलंय म्हणजे मीच लिहिलं असणार. आणि चांगलं उतरलंय ते पान."

चांगलं उतरलंय. घे, शाबासकी घे.

आता रोज संध्याकाळी ती पिशवी भरते. मी रागावले तर रडते, समजावलं तर "तू लहान आहेस, तुला काकाचा स्वभाव माहीत नाही" म्हणते. काकाचा स्वभाव! ज्याने तिला गोठ्यात कोंडलं होतं त्याचा. साठ-पासष्ट वर्षं ती त्या घरापासून लांब राहिली, आणि तू तिला एका पानात परत नेऊन उभी केलीस. तुझं पान मी जाळलं, पण त्याने काय होणार, ते आता तिच्या डोक्यात आहे आणि तिथे माझी काडी पोचत नाही.

उत्तर पाठवू नकोस.

धाकटी


२३ सप्टेंबर

दादा,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं तरी पाठवलंस. बरं झालं. तुझ्या त्या एका ओळीमुळे मला बऱ्याच गोष्टी कळल्या. त्यावर नंतर येते. आधी इथे काय झालं ते ऐक, कारण सोबतीच्या बाईंनी तुला फोनवर अर्धवट सांगितलेलं दिसतं.

गेल्या गुरुवारी मी हरले. आई दुपारपासून दाराशी बसून होती, तोंडात पाण्याचा थेंब घेईना. मुलांना सोडून मी बस तशीच घराकडे आणली (नियमात बसत नाही, तक्रार करायची असेल तर कर) आणि तिला म्हटलं, "चल, जाऊन येऊ." ती पहिल्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली. सबंध रिकाम्या बसमध्ये ती एकटी, जाताना तिने केस नीट केले.

काकाचं घर आता नाही, तुला माहीतच आहे. त्या जागेवर तीनमजली इमारत आहे आणि खाली चष्म्याचं दुकान. मला वाटलं होतं, दुकान बघून ती म्हणेल हे ते घर नव्हे, आणि प्रकरण मिटेल. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि सरळ आत शिरली. काउंटरमागे एक टक्कल पडलेले गृहस्थ काचा पुसत होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी परत आले. माझं चुकलं."

तिच्या हातात चष्म्याची डबी होती. त्या भल्या माणसाला वाटलं, म्हातारी चष्मा परत करायला आली आहे. तो म्हणाला, "काही हरकत नाही, आजी. होतं असं. बसा, पाणी घ्या."

"रागावला नाहीत ना?"

"छे हो. रागवायचं काय त्यात? पावती नसली तरी चालेल."

मला हसावं की रडावं कळेना. आई मात्र खुर्चीत बसून ग्लासभर पाणी प्यायली. परत येताना खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्या दिवशी ती नीट जेवली आणि सकाळपर्यंत सलग झोपली, आणि तेव्हापासून पिशवी भरत नाही. एवढं झालं.

आता तुझी ओळ. "बघ, तिला शेवटी शांतता मिळाली. कदाचित तिला हेच हवं होतं."

तिला? तिला हवं होतं? दादा, कुणाला हवं होतं ते मी सांगते. आई आयुष्यात दोनदा घराबाहेर पडली. एकदा काकाच्या घरातून, आणि दुसऱ्यांदा बाबांच्या घरातून, आपल्या दोघांना घेऊन. तू अकरा वर्षांचा होतास. नव्या खोलीच्या जिन्यावर तू रोज दप्तर भरून बसायचास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचास, "आम्ही परत जाणार आहोत." आई तुला जेवायला उचलून आत न्यायची, तर तू तिला लाथा मारायचास. सोळाव्या वर्षी तू खरंच गेलास बाबांकडे. बाबांनी तुला सायकल शिकवली, तुला कधी बोटही लावलं नाही, तुझ्यापुरते ते चांगले होते, मी कुठे नाही म्हणते? पण आईच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत ती कशामुळे, हे तुला जिन्यावर बसूनसुद्धा माहीत होतं. त्या बोटांनी ती पुढे आयुष्यभर पान धरून लिहीत राहिली.

बाबा तुझ्या घरी वारले तेव्हा मी आले नाही. कामाचं निमित्त सांगितलं होतं. काम नव्हतं. मला यायचं नव्हतं. तू तेव्हापासून माझ्याशी सरळ बोलत नाहीस हे मला समजतं, आणि त्याबद्दल मी तुला दोषही देत नाही. तुझा बाप गेला होता. पण म्हणून तू आईचं शेवटचं पान बदलायचंस? ती पोर काकाच्या दारात "माझं चुकलं" म्हणते ती तुझ्यासाठी म्हणते, दादा. तू अजून त्या जिन्यावर बसला आहेस, आणि तुला आई हात धरून परत न्यायला हवी आहे.

मला तुझी कीव येते आणि तरीही तुझा गळा धरावासा वाटतो. दोन्ही एकाच वेळी.

आई शांत झोपते हे खरं आहे. कशाच्या मोबदल्यात झोपते ते मला बघवत नाही. जिने काहीच केलं नाही तिला माफी मिळाली, आणि ती मिळाली म्हणून ती खूश आहे. मला त्या चष्मेवाल्याचाही राग आला, त्या बिचाऱ्याचा, ज्याने पाणी दिलं.

धाकटी


५ ऑक्टोबर

दादा,

करार याच पाकिटात परत पाठवते आहे. पेन्सिलची फुली खोडली आहे. माझी सही नाही.

पण त्याआधी एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय मला तुझ्यावर रागावता येणार नाही, आणि मला तो राग सोडायचा नाही.

रविवारी सकाळी मी आईची नखं कापत होते. डावा हात हातात घेतला तेव्हा ती त्या दोन बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकाचं झालं. आता ह्यांच्याकडे जायला हवं."

मी विचारलं, "कुणाकडे?"

"मुलांच्या वडिलांकडे. न सांगता आले मी. त्यांचीही माफी मागून टाकू, म्हणजे सुटले."

दादा, मी पुन्हा हरणार हे मला दिसत होतं. संध्याकाळी पुन्हा पिशवी, पुन्हा दार. त्यात तू तिकडे आहेस, बाबांची खोली अजून तशीच ठेवून. तू तिला आनंदाने नेली असतीस. तिथे नेऊन त्यांच्या फोटोसमोर उभी केली असतीस आणि म्हणाला असतास, बघ, शांतता मिळाली.

मी खरं सांगू शकले असते, की ते वारले. सांगून बघितलं असतं तर तिने फोटोचीही माफी मागितली असती. म्हणून मी खोटं बोलले. मी म्हटलं, "तुला जायची गरज नाही, आई. तेच आले होते."

"कधी?"

"तू झोपली होतीस. बाहेर उभे होते. तुझी माफी मागत होते. म्हणाले, माझ्या हातून फार वाईट झालं."

बाबांनी असं कधी म्हटलं नाही. मला म्हटलं नाही, तिला तर नाहीच, आणि तुला म्हटलं असेल तर तू सांगितलं नाहीस. सगळं मी बनवलं. तुला दोन महिने शिव्या घातल्या आणि शेवटी मीही तुझ्यासारखाच एक शेवट लिहून दिला. नखं कापता कापता. एवढ्यावर तू मला वाट्टेल ते म्हण, मी ऐकून घेईन.

मला वाटलं, आता म्हणेल, मग त्यांना आत का नाही बोलावलंस. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, लाल पेन्सिल हातात असताना पडायच्या तशा. मग तिने आपला हात माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं,

"मी दार उघडलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नक्की, आई. नाही उघडलंस."

"बरं केलं मी," ती म्हणाली. आणि दुसरा हात पुढे केला.

धाकटी